फेस कुठून येतो

लोक रजा काढून काश्मीरला जातात, रामेश्वरला जातात, निदान महाबळेश्वरला तरी जातात. मी चार दिवसांची रजा काढून ठाणे जिल्ह्यातल्या नवापूर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी गेलो, आणि तेही एका किड्याची मागची बाजू पाहण्यासाठी. परत आल्यावर ज्याने त्याने विचारलं, काय पाहिलंत म्हणून. खरं सांगितल्यावर दोघांनी विषय बदलला आणि एकाने काळजीने माझ्या बायकोकडे पाहिलं. तेव्हा सगळं नीट लिहूनच काढावं असं ठरवलं.

प्रकरण माझ्याच हातून सुरू झालं होतं. मी पुण्यात एका हायस्कुलात मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात मुलांसाठी लिहितो. पासष्ट सालच्या सुमारास एका प्रकाशकाने चौथीसाठी पूरक वाचनाचं पुस्तक काढलं, त्यातले वीसच्या वीस धडे माझे. अकरावा धडा होता ‘फेसाच्या घरातला बाळजीव’. पावसाळ्यात गवताच्या काडीवर कुणीतरी थुंकल्यासारखा फेसाचा गोळा दिसतो. त्या गोळ्यात एक किडा राहतो, त्याच्यावर हा धडा. किडा मी कधी पाहिलेला नव्हता. फेस पाहिला होता. एकदा हाताला लागला तेव्हा धोतराला पुसलाही होता. एका इंग्रजी पुस्तकात त्याला थुंकीचा किडा म्हटलेलं वाचलं होतं, आणि थुंकी म्हटली की तोंड आलंच. तेव्हा मी लिहिलं, ‘हा चिमुकला जीव आपल्या मुखातून शुभ्र फेस काढतो व त्याचे मऊ मऊ घर बांधतो. मुलांनो, आपणही आपल्या मुखातून असेच मऊ व शुभ्र शब्द काढावेत.’

हा शेवटचा बोध माझ्या प्रकाशकांना इतका आवडला की तिसरीपासून सातवीपर्यंतची सगळी माला मलाच द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं. अशा आनंदाच्या दिवसांत नवापूरहून पत्र आलं. पत्र असं होतं:

‘स. न. वि. वि. आपला अकरावा धडा वर्गात शिकवला. मुलांनी गवत आणून पाहिले. फेस तोंडातून येत नाही. साहेबांच्या अचानक भेटीच्या दिवशी त्यांनी फेस कोठून येतो असे विचारले असता सबंध वर्गाने एकदम खरे उत्तर दिले. जो शब्द मुलांना माहीत होता तोच त्यांनी वापरला. साहेबांनी असभ्य भाषेचा शेरा लिहिला असून माझ्या बदलीची शिफारस केली आहे. आपण लेखक आहात, आपण म्हणाल ते खरे धरले जाईल. म्हणून आपण येऊन स्वतः पाहावे. फेस तोंडातून येत असल्यास मी बदलीवर जाईन. पावसाळा सरला की किडा सापडत नाही, तरी गणपतीच्या आत यावे. कुसुम राऊत, शिक्षिका.’

पत्रात ‘आपला धडा आवडला’ असं एक वाक्य घालायला काय हरकत होती, असं मला पहिल्यांदा वाटलं. मुलांना कोणता शब्द माहीत होता हे मला दुसऱ्या वाचनात कळलं. ज्या बोधावर माझी माला उभी राहणार होती तो त्या शब्दासकट पुन्हा वाचून पाहिला, आणि रजेचा अर्ज लिहिला. मी न्याय करायला निघालो होतो असं तेव्हा मी घरी सांगितलं. खरं म्हणजे बाईंची चूक त्यांना गोड शब्दांत दाखवून परत यायचं, एवढंच मनात होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग पिशवीत टाकलं.

बोईसर

बोईसरला उतरलो तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता, पण स्टेशनाबाहेरचा चिखल आठवडाभर पुरेल इतका होता. तारापूरकडे त्या वेळी अणुशक्तीच्या वीजकेंद्राचं बांधकाम चाललेलं. ट्रकांच्या रांगा, लोखंडी सळया, आणि देशाच्या सगळ्या भागांतून आलेली माणसं. एस्टीला वेळ होता म्हणून मी एका हॉटेलात चहा मागवला. समोरच्या बाकावर एक आडदांड वेल्डर बसला होता. त्याने विचारलं, आप भी प्लांट में? मी माझ्या शाळेतल्या हिंदीत म्हणालो की नाही, मी कीड़ा देखने को आया हूँ.

त्याने माझ्याकडे, भिंगाच्या पिशवीकडे आणि टोपीकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला. ‘अच्छा, मलेरियावाले हो?’

खरं सांगायला गेलो तर एस्टी चुकेल हे दिसतच होतं, म्हणून मी मान हलवली. पुढची वीस मिनिटं त्याने सालवडमधल्या आपल्या खोलीतल्या डासांची तक्रार सांगितली, आणखी दोघांना बोलावून त्यांच्याही खोल्यांची सांगितली, आणि ती मला वहीत लिहायला लावली. मी लिहिली. न पाहिलेल्या गोष्टी कागदावर लिहिण्याची मला सवय होतीच. जाताना त्यांनी माझ्या चहाबरोबर भजी मागवली आणि फवारणी कधी येणार ते विचारलं. मी ‘जल्दी’ म्हणालो. त्या तिघांची मी आजही मनातल्या मनात माफी मागतो.

नवापूर

कुसुमबाई एस्टीच्या थांब्यावर उभ्या होत्या. पस्तिशीच्या, सडसडीत, सुती पातळ, हातात छत्री आणि त्याच हातात चपला. पाय चिखलात. मी नमस्कार करून प्रवास कसा झाला ते सांगायला सुरुवात केली. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘भिंग आणलंय ना?’ पत्राप्रमाणेच बोलणं होतं, त्यात पाहुण्यासाठी म्हणून काही जास्तीचं नव्हतं.

त्यांच्या घरी फक्त आई, तेव्हा माझी सोय त्यांनी जमनाबायकडे केली होती. जमनाबाय साठीची, मच्छीमार वस्तीतली. तिचा मुलगा होडीवर. नारळी पौर्णिमा होऊन गेल्यामुळे दर्यावर गेलेला. तिच्या दारात एक म्हैस होती आणि त्या म्हशीसाठी ती रोज सकाळी बांधावरचं गवत कापायची. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर तिने कुसुमबाईंना बाजूला घेऊन मला काय झालंय म्हणून विचारलं. काही झालेलं नाही, हे असेच असतात, असं सांगूनही तिची खात्री पटली नाही. तिच्या दृष्टीने मासे न खाणारा माणूस पथ्यावर असतो. त्यामुळे मला तिन्ही दिवस मऊ भात, वालाचं पातळ बिरडं आणि तांदळाची भाकरी, तीही फिकी, असा आजाऱ्याचा आहार मिळाला. शेजारणी येऊन माझी प्रकृती विचारत. चुलीपाशी सुक्या बोंबलांची माळ लोंबत होती, ती माझ्यामुळे तिने परसात नेऊन टांगली. आमच्या पुण्यात मांसाहारी पाहुण्यासाठी कुणी स्वयंपाकघरातली एक वाटीसुद्धा हलवलेली मी पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बांधावर गेलो. पाऊस थांबला होता. एका बाजूला भात पोटरीत आलेला, दुसऱ्या बाजूला गुडघाभर गवत, आणि उत्तरेला लांब क्रेनची टोकं. पन्नास पावलं गेलो नाही तोच माझा उजवा पाय बांधावरून सरकला, मी बुडावर बसलो आणि एक वहाण चिखलाने गिळली. जमनाबायने ती विळ्याने उकरून काढली. कुसुमबाई तेवढ्या वेळात गवतात वाकल्या होत्या.

फेसाचे गोळे सगळीकडे होते. एकदा दिसायला लागले की दिसतच राहतात. काडीला पान जिथे फुटतं त्या बेचक्यात, बोराएवढा पांढरा गोळा. जमनाबायने त्यातला एक बोटाने पुसला, बोट विळ्याच्या मुठीला पुसलं, आणि काडी माझ्यासमोर धरली. काडीवर तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, पिवळट हिरवा, ओला जीव बसला होता. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. पंख नाहीत, दात नाहीत, तोऱ्याचं काहीच नाही. घर पुसून टाकल्याबद्दल त्याने कुठलाही निषेध केला नाही. तो काडीवरून थोडा खाली चालत गेला, जागा पसंत करून तोंड खाली आणि शेपूट वर अशा अवस्थेत बसला, आणि त्याने आपली सोंड काडीत खुपसली.

‘आता बघा,’ कुसुमबाई म्हणाल्या.

मी भिंग लावलं. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या पोटाच्या अगदी टोकाला, म्हणजे वरच्या बाजूला, पाण्याचा एक स्वच्छ थेंब आला. थेंब अंगावरून खाली ओघळला. मग ते टोक वर उचललं गेलं, हवेत जरा उघडलं, मिटलं, आणि थेंबात परत बुडालं. तिथे एक बुडबुडा तयार झाला. टोक पुन्हा वर, पुन्हा खाली, दुसरा बुडबुडा. लोहाराच्या भात्यासारखं त्याचं ते पोट चाललं होतं. बुडबुडे उतारावरून त्याच्या पाठीवर, पाठीवरून डोक्यावर घरंगळत होते. तोंडाचा या कामाशी काडीमात्र संबंध नव्हता. तोंड काडीत गुंतलेलं होतं. अर्ध्या तासात किडा दिसेनासा झाला आणि धड्यात मी म्हटलं होतं तसं मऊ शुभ्र घर तयार झालं. तेवढा भाग बरोबर होता.

मी म्हणालो की एखादा किडा अपवाद असू शकतो. कुसुमबाईंनी मान डोलावली आणि दुसरा पुसला. मग तिसरा. मी गवतावर उकिडवा बसून पाच किडे पाहिले, आणि पाचवाही त्याच मताचा निघाला.

मग बाईंनी मला समजावून सांगितलं, आणि मी चौथीतल्या मुलासारखा ऐकत राहिलो. हा किडा पान खात नाही. तो काडीतून मुळाकडून वर चढणारं पाणी पितो. त्या पाण्यात अन्न नावालाच असतं, म्हणून पोट भरायला त्याला दिवसभर पीत राहावं लागतं. इतकं पाणी पिणाऱ्या जिवाला ते बाहेरही टाकावं लागणारच. ते टाकताना तो त्यात आपल्या अंगातलं काहीतरी चिकट मिसळतो, हवा भरतो, आणि त्याच्या आड बसतो. उन्हाने सुकत नाही, मुंग्या आत शिरत नाहीत. पाच वेळा कात टाकतो. शेवटच्या वेळी फेस वरून वाळतो, आत पोकळ खोली होते, आणि तिच्यातून पंखवाला, तपकिरी, पट्ट्यांचा किडा बाहेर येतो. तो मग फेस करत नाही. त्याला हात लावायला जावं तर टुणकन उडून हातभर लांब जातो. मादी गवताच्या बुंध्यात अंडी घालते. गवत वाळतं, कापलं जातं, उन्हाळा जातो, आणि पुढच्या पावसात पुन्हा सगळीकडे थुंकी.

हे सगळं तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलंत, असं मी विचारलं. त्यांनी पिशवीतून काड्यापेट्या काढल्या. प्रत्येक पेटीत कापसावर एक एक कात, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि वर पेन्सिलीने तारीख. वर्गाने आषाढापासून रोज हेच केलं होतं. पोटातल्या चिकट पदार्थाचं तेवढं त्यांनी ठाण्याच्या ग्रंथालयातून पुस्तक मागवून वाचलं होतं. बाकीचं पाहिलं होतं.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी जमनाबायला विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं का. ती गवताची पेंढी बांधत होती. ‘आमी ल्हानपणापासून बघतो,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडे पुस्तक नाय, मंग बघायलाच लागते.’

परत येताना मी माझा बोध सावरता येतो का त्याचा विचार करत होतो. ‘मुलांनो, आपणही’ इथपर्यंत वाक्य जमत होतं. त्यापुढे काही केल्या जमेना.

सत्कार

लेखक गावात आल्याची बातमी शाळेच्या हेडमास्तरांनी पालघरला कळवली होती, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तो शेरा लिहिणारे दिपोटीसाहेब जातीने आले. आता शाळा तपासण्याच्या त्यांच्या हुद्द्याला विस्तार अधिकारी म्हणतात, पण गावात सगळे जुनाच शब्द वापरत. पन्नाशीचे, गोरे, बंद गळ्याच्या कोटातले गृहस्थ. त्यांनी येताना हार आणला होता, नारळ आणला होता आणि माझं पुस्तकही आणलं होतं, अकराव्या धड्यापाशी खूण घातलेलं.

शाळेच्या पडवीत सत्कार झाला. मुलं ओळीने बसली होती. दिपोटीसाहेबांनी धड्याचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला आणि म्हणाले की पुस्तक हे मुलांना वर नेण्यासाठी असतं. फेस मुखातून येतो म्हणूनच त्यापासून वाणीचा बोध घेता येतो. तो भलतीकडून येऊ लागला तर मुलांनी काय घ्यायचं? हा प्रश्न त्यांनी बिनचूक विचारला होता, मीच कालपासून त्यात अडकलो होतो. मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, स्वतः लेखकच आपल्या भाग्याने इथे आहेत, तेव्हा त्यांनीच मुलांना सांगावं की फेस कुठून येतो.

मी उभा राहिलो. गळ्यात हार होता. मुलं पाहत होती, दाराशी कुसुमबाई उभ्या होत्या, कुंपणाबाहेर जमनाबाय आणि वस्तीतल्या आणखी बायका. सांगायचं एवढंच होतं की मी चुकलो. माझ्या डोळ्यांसमोर तिसरीपासून सातवीपर्यंतची पाच पुस्तकं उभी राहिली, पाठीला पाठ लावून. मी घसा साफ केला आणि म्हणालो की निसर्गाची लीला अगाध आहे, आणि या बाबतीत शास्त्रज्ञांमध्ये अजून मतभेद आहेत.

मतभेद फक्त माझ्यात आणि त्या किड्यात होता.

दिपोटीसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे मुलांनी वाजवल्या. नंतर चहा झाला. कुसुमबाईंनी मला कप आणून दिला. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. कप देताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘काल पाच पाहिलेत.’ मग दिपोटीसाहेबांना कप द्यायला पुढे गेल्या.

 संध्याकाळी जेवताना मीच जमनाबायकडे विषय काढला. बदली झाली तर बाईंना कुठे जावं लागेल, असं विचारलं. तेव्हा तिने सांगितलं की वर मोखाड्याकडे, डोंगरात, आणि तिथे आईला नेता येणार नाही. कुसुमबाईंची आई दोन वर्षं अंथरुणावर होती, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायलाही माणूस लागे. बाई शाळेच्या मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन येत. पत्रात यातलं अक्षरही नव्हतं. मी विचारलं, त्यांनी मला हे का कळवलं नाही. जमनाबायने माझ्या पानात भात वाढला. ‘तुमाला किड्याचं विचारलं होतं,’ ती म्हणाली. ‘आईचं तुमी काय सांगणार?’

तो मऊ भात त्या दिवशी मला उतरेना. आपण पथ्यावरचे आजारी आहोत याविषयी पहिल्यांदाच माझी आणि शेजारणींची एकवाक्यता झाली.

पालघर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमनाबायकडून एक मोठी करवंटी मागून घेतली, बांधावर जाऊन फेसासकट गवताचा एक ठोंब मातीनिशी उपटला, आणि करवंटीत बसवून पालघरला निघालो. या खेपेला पडलो नाही. गाडीत एका बाईने, गणपतीला अजून आठवडा आहे, दुर्वा आत्ताच कशाला नेता, म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं. ती खिडकीकडे सरकली. पण मला बरं वाटलं; खरं बोलायची सवय व्हायला कुठूनतरी सुरुवात करावी लागते.

दिपोटीसाहेब कचेरीत एकटेच होते. मी करवंटी त्यांच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवली, फेस रुमालाने टिपला आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले की मला वेळ नाही. मी म्हणालो, त्याला अर्धा तास लागतो.

किड्याने वेळ घेतला. काडीवर खालवर फिरला, कचेरी त्याला पसंत पडेना असं वाटलं. दिपोटीसाहेब दोनदा घड्याळाकडे पाहून झाले. मग तो बसला. थेंब आला. शेपटाचं टोक वर गेलं, हवा घेऊन खाली आलं. दिपोटीसाहेबांनी चष्मा काढला, भिंग जवळ नेलं आणि टेबलावर ओणवे झाले. बराच वेळ त्यांची नुसती पाठ दिसत होती. ‘अरे, भाता चालवतोय,’ ते स्वतःशीच म्हणाले. तो आवाज आदल्या दिवशीच्या भाषणातला नव्हता. त्यांनी एक किडा झाकला गेल्यावर दुसऱ्या काडीवरचा फेस स्वतःच्या बोटाने पुसला आणि तोही पाहिला.

मग त्यांनी चष्मा लावला आणि परत साहेब झाले. म्हणाले, ‘हे बघा, पुस्तक मंजूर झालेलं आहे. किडा मंजूर झालेला नाही.’

ते विनोद करत नव्हते. मी कितीतरी वेळ हुज्जत घातली. शेवटी ते म्हणाले की मारलेला शेरा खोडता येत नाही. मात्र त्याच्याखाली दुसरा लिहिता येतो, आणि त्यासाठी लेखी काहीतरी हवं. मी कागद मागितला आणि उभ्याउभ्या लिहिलं, ‘अकराव्या धड्यातील किडा मुखातून फेस काढतो हे माझे विधान चुकीचे आहे. किडा न पाहता मी ते लिहिले. नवापूरच्या मुलांचे उत्तर बरोबर आहे.’ खाली सही केली. इतक्या थोड्या शब्दांत इतकं खरं मी पूर्वी कधी लिहिलं नव्हतं.

दिपोटीसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, पण त्या अवयवाला म्हणायचं काय? मुलांचा शब्द सरकारी कागदावर येऊ शकत नव्हता. मी मराठीचा शिक्षक, ते शिक्षणखात्यातले; एका किड्याच्या बुडाला शोभेसा शब्द आम्ही दोघं पाऊण तास शोधत होतो. ‘पार्श्वभाग’ त्यांना फार मोठा वाटला, किड्याच्या मानाने. मी सुचवलेला वैद्यकीय शब्द त्यांनी कानांवर हात ठेवून परतवला. शेवटी ‘शरीराचे मागील टोक’ यावर तह झाला आणि ते मी माझ्या कागदात घातलं. त्यांनी जुन्या शेऱ्याखाली हिरव्या शाईने लिहिलं, ‘मुलांचे निरीक्षण उत्तम. शब्दसंग्रह वाढवावा. बदलीची शिफारस मागे घेत आहे.’ नक्कल माझ्या हातात दिली. मी करवंटी उचलायला लागलो तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, ‘ती राहू द्या इथे. उद्या कात टाकेल म्हणता ना?’

पुस्तकाचं पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकतो. पुण्याला आल्यावर मी प्रकाशकांना दुरुस्ती दिली. त्यांनी ती वाचून बराच वेळ पेपरवेट फिरवला आणि मला विचारलं की किडा तसाच ठेवून फेस कुठून येतो हे मोघम ठेवता येईल का. मी नाही म्हणालो. दुसऱ्या आवृत्तीत अकरावा धडा हत्तीवर आहे आणि तो मी लिहिलेला नाही. माला दुसऱ्या एका गृहस्थांकडे गेली. ते सगळ्या प्राण्यांचे बोध देतात. बायकोने काही दिवस माझ्याशी मोजकं बोलणं ठेवलं आणि मग मोजायचं विसरली.

पुन्हा नवापूर

पालघरहून मी थेट पुण्याची वाट धरू शकलो असतो. नक्कल टपालाने पाठवता आली असती. पण आदल्या दिवशीच्या टाळ्या कानात होत्या, म्हणून परत नवापूरला गेलो. शाळा सुटायला तासभर होता. कुसुमबाई वर्गात गणित घेत होत्या. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, पुन्हा वाचला, घडी करून पेटीत ठेवला आणि पेटीचं झाकण जरा वेळ दाबून धरलं. मग मुलांना म्हणाल्या की पाहुण्यांना काही सांगायचं आहे, पाट्या खाली ठेवा.

मी सांगितलं की मी पुस्तकात खोटं लिहिलं होतं, आणि काल पडवीत उभा राहून जे बोललो तेही खोटं होतं. फेस कुठून येतो ते तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. एक मुलगी म्हणाली, मंग तुमीच सांगा, कुठून?  खिशात तहाचे तीन शब्द तयार होते. मी त्यांचा शब्द वापरला. सबंध वर्ग खदखदून हसला, बाकांवर थापा मारल्या गेल्या, आणि दाराकडे तोंड करून उभ्या असलेल्या कुसुमबाईंचे खांदेही हलताना मला दिसले. वळून त्यांनी मुलांना गप्प केलं तेव्हा चेहरा पुन्हा होता तसा.

माझी बोईसरची एस्टी साडेपाचची होती. बाई थांब्यापर्यंत आल्या. आभार मानतील असं मला वाटत होतं, त्यावर विनयाने काय म्हणायचं तेही मी जुळवून ठेवलं होतं. गाडी वळणावर दिसली तेव्हा त्यांनी पिशवीतून माझं पुस्तक काढलं. त्यात ठिकठिकाणी कागदाच्या चिठ्ठ्या होत्या.

‘तेराव्या धड्यात आपण लिहिलंय, घुबडाला दिवसा दिसत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘शाळेमागच्या ताडावर पिंगळ्याची जोडी आहे. तीही घुबडंच. मुलं रोज त्यांना भर दुपारी टोळ पकडताना पाहतात. तुम्ही पाहिलंय?’

मी विचारलं, चिठ्ठ्या किती आहेत. त्या म्हणाल्या, सध्या सात. पाऊस कमी झाल्यावर बाकीचे धडे तपासू.

कंडक्टरने दार उघडून धरलं होतं आणि चढताय का म्हणून विचारत होता. रजा त्याच दिवशी संपत होती. मी त्याला म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, आणि पुण्याला तार करायला इथे पोस्ट कुठे आहे ते बाईंना विचारलं.